एकही खिळा न निघालेलं छप्पर

उमापुरात लाकडाचं छप्पर करावं तर युसूफमिस्त्रींनीच, हे सगळ्यांना मान्य होतं. कुणाला नसलंच, तर त्याला पटवून द्यायला मिस्त्री स्वतः मोकळे असत. हॉटेलात चहा पिताना बाकडं हललं तरी ते उठून त्याचे पाय तपासत आणि ज्याने केलं त्याचा उद्धार करत. सगळा जीव आपल्या कामाच्या नावात अडकलेला.

त्यांचा नियम सोपा होता. भिंतीच्या माथ्यापासून वरचं सगळं सुताराचं, खालचं सगळं गवंड्याचं. वडिलांनी असंच केलं होतं, तेव्हा त्यात डोकं चालवायचं कारणच नव्हतं. त्यांच्याच वयाचा हनुमान गवंडीही नियमाला तेवढाच पक्का. भिंत ओळंब्यात उभी केली, माथा सारखा केला, थापी धुतली की तो घरी. वर छप्पर बसो नाहीतर चिमण्या.

छबुबाईंनी रस्त्याकडेला खानावळ काढली, तेव्हा अर्थातच हीच जोडी लागली. समोरून उघडी, तीन बाजूंनी भिंती. जुन्या घराचं सागवान बाईंनी जपून ठेवलं होतं. मिस्त्रींनी त्याच्या तुळया, वासे असे बसवले की जाणारे-येणारे गाडी थांबवून बघत. पत्र्याला स्क्रू असे आवळले की एक कोपरा हलेल तर शप्पथ. सगळा सांगाडा त्यांनी भिंतीवरच्या आडव्या लाकडांना जखडला. ती आडवी लाकडं मात्र भिंतीवर नुसती ठेवलेली होती.

“मिस्त्री, हे भिंतीला कशानं धरून हाय?” छबुबाईंनी विचारलं.

“वजनानं. एक तुळई चौघांना उचलंना, वारा काय उचलतोय? वारा ढकलतो बाई, उचलत नसतो.”

वाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी वादळ सुटलं. उघड्या बाजूने वारा आत शिरला आणि बाहेर पडायला वाट मिळेना म्हणून छप्पर खालून रेटू लागला. पत्र्यावरून सुसाट जाणारा वारा ते वरून ओढू लागला. छप्पर भिंतीवरून उठलं, रस्ता ओलांडून समोरच्या पडीक रानात उतरलं. अख्खंच्या अख्खं.

वादळ ओसरताच गाव रानात जमलं. मिस्त्री धावत आले, छपराभोवती फिरले, वासे ठोकून पाहिले आणि चक्क खुलले.

“बघा, एक खिळा निघाला न्हाई. ह्याला म्हनतात काम.”

“माझ्या भितीची एक वीट ढळली न्हाई,” हनुमान म्हणाला. “उडालं ते तुझं छप्पर हाय बे.”

“छप्पर मजबूतच हाय. तुझ्या भितीनं त्याला सोडलं.”

भांडण इतकं रंगलं की लोक सावली बघून बसले. पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलत होते. कुणाचंच काम वाईट नव्हतं. दोघांच्या कामांच्या मधे मात्र कुणीच काही केलं नव्हतं.

तेवढ्यात छबुबाई रस्ता ओलांडून आल्या. केसांत माती, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

“भित ह्याची, छप्पर तुमचं,” त्या मिस्त्रींना म्हणाल्या. “मधी भाकरी थापीत बसल्ते, ती मी कोनाची?”

“तुमी आत व्हत्या?” मिस्त्रींनी विचारलं.

“खानावळ माझी हाय मिस्त्री. मी आत न्हाई तर कुठं असंन?”

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते घरून धावत सुटले ते थेट छपरापाशी थांबले होते. वाटेत खानावळ लागली होती, पण आत कुणी आहे का हे बघायला त्यांची मान वळली नव्हती. एवढ्या माणसांत कुणाचीच वळली नव्हती, पण त्याने त्यांना बरं वाटेना.

“हनुमान, आटे पाडलेल्या सळया आन,” ते हळू आवाजात म्हणाले. “तू भितीत खोल रोव. मी लाकडातून वर काढून नट आवळतो.”