फिलूचं प्रथिन आणि खारदांड्याचा बर्फ

मनोरीहून फिलूच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात हजेरीपट घ्यायला गेले होते. “ताई, फिलू गेली. सकाळी, झोपेतच...” एवढंच तो बोलला. मी तशीच वर्गात गेले आणि हजेरी घ्यायला लागले.

फिलोमिना आणि मी पार्ल्याच्या कॉलेजात वीस वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. ती जीवशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, सेहेचाळिसाव्या वर्षी, तिने पीएचडीला नाव घातलं. “या वयात?” प्राचार्यांनी विचारलं. “सर, चष्मा लागलाय, डोकं आहे तसंच आहे,” फिलू म्हणाली. तिचा प्रश्न साधा होता. पेशीत प्रथिनं बनतात एकीकडे, त्यांचं काम असतं दुसरीकडे, आणि मधे तेलकट पडदा. मग ती पलीकडे जातात कशी? पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया हे तिचं लाडकं उदाहरण. ते एके काळचे स्वतंत्र जीवाणू. दुसऱ्या पेशीत राहायला आले, आणि हळूहळू त्यांची बहुतेक जनुकं त्या पेशीच्या केंद्रकात गेली. “आता बघ ना गं, यांच्याच घरचं सामान बाहेर बनतं. आत न्यायला दार नको?”

कॉलेज सुटलं की ती अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत जायची, कधीकधी मदतीला मीही. थंडीत प्रथिन पडद्याच्या दाराशी नुसतं चिकटतं आणि ऊब मिळाली की आत शिरतं, हे तिला दाखवायचं होतं. ऐन मे महिन्यात, प्रयोग निम्म्यावर असताना, तिथली शीतपेटी आणि बर्फाचं यंत्र दोन्ही बंद पडलं. नळ्या तापल्या असत्या तर आठ महिन्यांची वाट लागली असती. उरलासुरला बर्फ नळ्यांभोवती रचून आम्ही रिक्षाने खारदांड्याच्या मासळीबाजारात धावलो. टोपल्यांपुढे बसलेल्या कोळीणबाईंना फिलू म्हणाली, “मावशी, चुरलेला बर्फ द्या, लवकर!”

“कंचा म्हावरा हाय?”

“म्हावरा नाही, प्रथिन आहे.”

“ताजा हाय ना?” बाईंनी गंभीरपणे विचारलं आणि घमेलंभर बर्फ दिला.

प्रयोगशाळा दोन दिवस बोंबलाच्या वासाने भरून राहिली, पण नळ्या वाचल्या. बाहेरचं प्रथिन खाऊन टाकणारं पाचकद्रव्य घातल्यावर थंड नळीतलं सगळं संपलं. उबदार नळीतलं आत सुखरूप होतं. एक्स-रेच्या फिल्मवर त्या वाचलेल्या प्रथिनाचा काळा पट्टा उमटलेला पाहिला आणि फिलूने मला मिठीच मारली. “शिरलं गं, शिरलं!”

मागच्या रविवारी मनोरीला गेले. तिच्या खोलीच्या भिंतीवर तिने खडूने काढलेली मोठी पेशी अजून आहे. पडद्यातलं दारही प्रथिनाचंच, मग पहिलंवहिलं दार पडद्यात कोणी बसवलं?... तिथे तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. नाताळासाठी घराला रंग लागलाय. तेवढी भिंत मात्र तिच्या भावाने रंगाऱ्याला सोडायला लावली.