मासोळीचा चाकू

लग्न होऊन केनवडला आले त्याच्या चौथ्या सकाळी एका म्हाताऱ्याने वांग्यांची टोपली ओसरीवर ठेवली आणि मला विचारलं, "सूनबाई, सपनं पडतेत का?" एकोणीसशे एक्कावन्न-बावन्नचं साल असेल. नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही, एकदम स्वप्नंच! मी सातवी पास झालेली, मला हसू आलं. पदराआडून म्हटलं, "पडतेत नं. सगळ्याइलेच पडतेत."

"सगळ्याइले नाही पडत," ते म्हणाले, आणि खिसे वाजवत निघून गेले.

खिसे वाजवत हे खरंच. हे आमच्या शेजारचे कोंडूमामाजी. गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा होता, घरात एकटेच असत. त्यांच्या बंडीला आतून-बाहेरून सात खिसे होते आणि घडीचे चाकू त्याहून जास्त, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा खुळखुळाट यायचा. हरणाच्या शिंगाच्या मुठीचा, शिसवी मुठीचा, खटका दाबला की पातं बाहेर येणारा रामपुरी, लढाईवरून परतलेल्या कुण्या शिपायाने दिलेला, पात्यासोबत दाभण असलेला. बाजाराच्या दिवशी भाजी विकली की लोक गुळाकडे, शेवेकडे वळत. मामाजी लोखंडी सामानवाल्यापुढे उकिडवे बसत. एकदा दोन टोपल्या मेथी देऊन त्यांनी एक गंजका चाकू आणला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भाऊजी, आता चक्कूचीच भाजी करसान का?"

"भाजी तं रोजच खातो नं, वयनी," मामाजी म्हणाले.

गंमत म्हणजे एवढ्या चाकूंनी त्यांनी कधी काही कापलं नाही. भाजी विळ्याने, सुपारी दुसऱ्याच्या अडकित्त्याने. चाकू होते ते गावाच्या उशाखाली ठेवायला. बाळंतिणीच्या किंवा दचकणाऱ्या लेकराच्या उशाखाली लोखंड ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. केनवडला त्यासाठी बायका मामाजींकडे येत. "मामा, पोट्टं झोपीत लय दचकून राह्यलं." मग मामाजी स्वप्नाची सगळी चौकशी करत, डोळे मिटून खिशांवरून हात फिरवत आणि एक चाकू काढून जमिनीवर ठेवत. बाईने तो तिथून उचलायचा. "हातोहात चक्कू देल्ला का भांडन होते," असं त्यांचं म्हणणं. आणि निघताना प्रत्येकीला बजावत, "उघडा चक्कू सपन कापते. बंद चक्कू नुसती राखन करते. ध्यानात ठेवजो."

चारेक महिन्यांनी माझ्यावरच ती वेळ आली. लग्नाच्या आदल्या वर्षी माझी आई गेली होती. ती रोज स्वप्नात यायला लागली. माहेरी, किन्हीराजाच्या आमच्या विहिरीपाशी ओल्या लुगड्याने उभी राहायची आणि बोलायची नाही. मी रडत उठायची. सासूबाईंनी मामाजींना बोलावलं, आणि मी, त्यांना हसलेली, मुकाट्याने त्यांच्यापुढे बसले.

"कोन दिसते?"

"आई."

"भेव दाखवते?"

"नाही. नुसती पायते माह्याकडे."

मामाजींनी हरणाच्या शिंगाचा चाकू काढला, उघडला, पात्याकडे बराच वेळ पाहिलं आणि परत मिटला. "मंग कायले कापतं तिले? येऊ दे." मिटलेला चाकू त्यांनी जमिनीवरून माझ्याकडे सरकवला.

मग आपणहून सांगू लागले. त्यांची चंद्री सात वर्षांची असताना तापाने गेली. बायको आधीच गेलेली. "रोज ये सपनात. इहिरीपाशी मोटेच्या धावेवर बसे अन् बोरं मांगे. माह्या जिवाले सोसलं नाही, बाई. म्या मासोळीवाला चक्कू उघडून उशाखाली ठेवला. थ्या दिवसापासून आली नाही." मग खिसे चाचपत म्हणाले, "एक चक्कू तोडते, तं एखांदा आनूनयी देत असन."

तेव्हा मला त्या सगळ्या खुळखुळाटाचा अर्थ कळला. नवा चाकू आणला की पहिल्यांदा तो मिटून त्यांच्याच उशाखाली जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणावरून विचारायची, "मामाजी, आली का?" ते नाही म्हणून मान हलवायचे, आणि चाकू खिशात पडायचा, गावातल्या लेकरांसाठी. असे किती चाकू नापास झाले, देव जाणे. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. तरी ती मान हलली की माझा सकाळचा चहा कडू व्हायचा. माझी आई मात्र बरेच दिवस येत राहिली. हळूहळू तिचं लुगडं वाळलं.

पाच-सहा वर्षांनी मामाजींनी अंथरूण धरलं. मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायची. एकदा त्यांच्या उशाशी भिंतीतल्या देवळीत मला तो दिसला. माशाच्या आकाराची पितळी मूठ, आणि पातं अजून उघडंच.

"हा कधी मिटलाच नाही का?"

"जंगला हाय, मिटत नाही," मामाजी म्हणाले. "अन् मले त्याले हात लावाचं भेव वाटते."

मला त्यांचा रागच आला. दुनियेभरचे चाकू गोळा केले आणि हा एक डोक्याशी उघडा ठेवून झोपत होते! मी घरून करडईचं तेल आणलं, पात्याच्या सांध्यात थेंब थेंब सोडलं, राखेने घासलं. तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी पातं हललं, कुरकुरलं आणि खट्कन मिटलं. त्या आवाजाने मामाजींनी डोळे उघडले. मी चाकू रीतीप्रमाणे जमिनीवर ठेवायला वाकले, तर त्यांनी हात पुढे केला.

"हातात दे. आता तुह्यासंग भांडाले येळ कुठी हाय?"

मी दिला. रडू आलं ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी गेले. त्यांचे चाकू गावात घरोघरी होते, ते तिथेच राहिले. पण त्या सकाळी मी पेज घेऊन गेले होते. सवयीने दारातूनच विचारलं, "मामाजी, आली का?"

त्यांनी मान हलवली नाही. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाई. आत्ताच निजली हाय."