जो आधी जागा होईल तो एक नंबर

ऑफिसात त्याला सगळे बूटमास्तर म्हणत. सासऱ्यांची तर बरेच दिवस समजूत होती की जावयाचं चपलांचं दुकान आहे. काम त्याचं एवढंच, की यंत्राचं बटण दाबल्यापासून पडद्यावर आकडे येईपर्यंत आतली लिनक्स ही संगणकप्रणाली सुरळीत उठवायची, म्हणजे ‘बूट’ करायची. जोडलेल्या प्रत्येक सेन्सरला तेव्हा एक नाव मिळतं, आणि पुढचा सगळा कारभार त्या नावावर चालतो. ह्या पठ्ठ्यानं नियम ठेवला होता सोपा: जो आधी जागा होईल तो एक नंबर, मागून येईल तो दोन. ऑफिसात टेबलावर चाचणी घेताना दोन सेन्सरांपैकी डावाच कायम आधी जागा व्हायचा. मग कशाला डोकं शिणवा?

बहिणीला दिवस भरायच्या आधीच जुळं झालं. भाची डाव्या खाटेवर, भाचा उजव्या, दोघांवर ऊब देणारे हीटर, आणि बाळांच्या अंगावरच्या सेन्सरांवरून ते कमीजास्त करणारी पेटी नेमकी ह्याच्या कंपनीची. स्वारी खूश! नर्सबाईंना त्यानं दोनदा ऐकवलं, ही आमची बरं का.

दुपारी वीज गेली आणि आली. पेटी पुन्हा सुरू झाली. काही वेळानं नर्सबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या की मुलगी गार पडतेय, पण हीटर वाढलाय, काळजी नको. त्यानं सहज भाचीच्या पायाला बोट लावलं. पाय तापून लाल झाला होता. भाचा गारठला होता.

ह्या खेपेला उजवा सेन्सर आधी जागा होऊन एक नंबर, म्हणजे डावा, ठरला होता. भाच्याचा गारवा भाचीच्या नावावर लागत होता. तो जितका गारठे, तितकं यंत्र हिला भाजून काढी. ही जितकी तापे, तितका त्याचा हीटर मंद होई.

“बाळं उचला,” तो ओरडला. नर्सबाईंनी क्षणही दवडला नाही.

वेळेत लक्षात आलं, असं डॉक्टर म्हणाले. भाच्याला बहिणीनं छातीशी धरलं होतं. नाव जागं होण्यावर नको, सेन्सर कुठल्या खाचेत जोडलाय त्यावर द्यायला हवं होतं, असं त्यानं तिला सांगितलं. प्रोग्रॅममधलं दोन ओळींचं काम.

“मग आधी का नाही केलंस?”

“टेबलावर नेहमी बरोबर यायचं.”

ती म्हणाली, “दादा, अशा पेट्या आणखी कुठं कुठं आहेत?”

इतका वेळ त्याच्या डोळ्यांपुढे हीच दोन बाळं होती. त्यानं फोन काढून ऑफिसातल्या साहेबांना लावला आणि म्हणाला, “आपल्या पेट्या जिथं जिथं आहेत, तिथली बाळं आधी उचलायला सांगा.”