डावी बाजू

आजीला सगळं घर भित्री म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गॅस बंद केल्यावर ती परत जाऊन बटण चाचपायची. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. मुलगी लहानपणी झोपाळ्यावर बसली की ही खाली हात पसरून उभी. नवऱ्याने लग्नानंतर लगेचच तिची 'भित्री भागूबाई' करून टाकली होती. पुढे मुलगी, जावई आणि आता नातवंडंही तेच म्हणत. आजीला राग यायचा नाही. जन्मभर ती पडद्यांच्या दुकानात मशीनवर बसली होती, आणि दोन मैत्रिणींच्या बोटांतून सुई आरपार गेलेली तिने पाहिली होती. "घाबरणाऱ्याची बोटं जागेवर राहतात," एवढंच म्हणून ती आपल्या कामाला लागायची.

आजोबा नेमके उलटे. बसचे ड्रायव्हर. धुकं असो, चिखल असो, नोकरी संपेपर्यंत त्यांच्या गाडीला ओरखडा गेला नाही. डेपोतले लोक म्हणायचे, हा माणूस नाकासमोर बघून चालणारा, ह्याच्या वाटेला अपघात जाणार नाही. आजोबांनाही हे पटलेलं होतं.

दोघं मुलीकडे दोन महिन्यांसाठी आले होते. मुलं सांभाळणाऱ्या बाईंनी अचानक काम सोडलं आणि घराचं चाक रुतलं. मुलगी एका दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची, जावई शीतगृहात पाळीवर. मुलं दोन. थोरली ठकू पहिलीत, तोंडाला कुलूप नसलेली. धाकटा गट्टू तीन वर्षांचा, जिथे बसेल तिथे ठोकळ्यांचे मनोरे रचणारा. आजी-आजोबा आले आणि घर पुन्हा चालू लागलं. आजीने स्वयंपाकघर घेतलं, आजोबांनी गाडी. सकाळी ठकूला शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी नोकरीत टिकले." आजोबा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

पहिल्यांदा आजीच्या लक्षात आलं ते मनोऱ्यावरून. आजोबा हॉलमधून येत होते, गट्टू त्यांच्या डाव्या हाताला जमिनीवर बसला होता. आजोबा सरळ मनोऱ्यावरून चालत गेले. ठोकळे उडाले, गट्टूच्या बोटांवर चप्पल पडता पडता राहिली. "कुठेही पसारा मांडतात कार्टी," आजोबा म्हणाले आणि त्याला उचलून कुरवाळू लागले. आजीने ठोकळे गोळा केले. मग तिला दिसू लागलं की चहाचा कप ते टेबलाच्या डाव्या कडेला ठेवतात तेव्हा अर्धा कप हवेत असतो. दाराच्या चौकटीला त्यांचा डावाच खांदा रोज लागतो. एकेक गोष्ट तशी काहीच नव्हती. वय झालं, झालं. तिने स्वतःलाच दटावलं, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

मग एका संध्याकाळी ठकू स्वयंपाकघरात आली. "आजी, गंमत दाखवू? मी गायब होते."

आजी हात पुसत तिच्या मागे गेली. आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. ठकू पाय न वाजवता त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, अगदी खुर्चीच्या हाताला टेकून. तिने हात हलवला, जीभ दाखवली. आजोबा छोट्या जाहिरातींची बारीक अक्षरं मोठ्याने वाचत राहिले. एकही शब्द चुकला नाही. ठकूने आजीकडे बघून भुवया उडवल्या आणि उडी मारून त्यांच्या पुढ्यात आली. "भॉक!"

आजोबा दचकले आणि खो खो हसले. "कुठून टपकलीस गं?"

"मी रोज करते," ठकू म्हणाली. "ह्या बाजूला उभं राहिलं की आजोबांना मी नसतेच."

गट्टूही हसला. आजीने मात्र ठकूला जवळ ओढून घेतलं. समोरचं बारीक अक्षर ज्याला वाचता येतं, त्याला हातभर अंतरावरची पोरगी दिसत नाही. आणि उद्या सकाळी हाच माणूस तिला गाडीत घालून रस्त्यावर नेणार होता.

दुसऱ्या दिवसापासून आजी गाडीतून बरोबर जाऊ लागली. कारण सांगितलं, गट्टूला जरा बाहेरची हवा. मागच्या सीटवर दोन मुलांच्या मधे बसून ती डावीकडे डोळे लावायची. "अहो, सायकल." "अहो, बाई उतरतायत फुटपाथवरून." आजोबा म्हणायचे, "दिसतंय मला." पण ते 'दिसतंय' तिच्या बोलण्यानंतर यायचं, आणि ब्रेकही त्यानंतरच लागायचा. परत येईपर्यंत तिची पाठ घामाने भिजलेली असे. घरी येऊन ती गाडीच्या डाव्या बाजूवरून हात फिरवायची. दाराच्या खाली एक लांब चरा होता. तो आधीचा की आताचा, तिला कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

शेवटी तिने मुलीला गाठलं. मुलगी कपडे वाळत घालत होती.

"अगं, बाबांना डावीकडचं दिसत नाही नीट."

"आई, ते पेपरातलं सगळं वाचतात. मला सुई ओवून दिली परवा."

"समोरचं दिसतं. बाजूचं नाही."

मुलीने चिमटा तोंडातून काढला. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि थोडं हसूही. "तू मला सायकलसुद्धा शिकू दिली नव्हतीस. आठवतंय? मी रस्त्यावर गेले की तू गॅलरीत उभी. आई, बाबांनी गाडी चालवायची नाही म्हटलं, तर मला उद्यापासून कामावर जाता येणार नाही." मग चिमटा दोरीला लावून म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी दाखवू डोळ्यांच्या डॉक्टरला. बस?"

आजी रिकामी बादली घेऊन आत आली. जन्मभर उगाच घाबरलं की खरं भय आलं तरी त्याला कोणी दार उघडत नाही. तिला स्वतःलाही खात्री कुठे होती? मन चिंती ते वैरी न चिंती, असंही तिला वाटून गेलं. नवऱ्याशी बोलून पाहिलं तर ते ताटावरून उठले. "माझ्या गाडीखाली कधी मुंगी मेली नाही," ते म्हणाले, आणि पेपर घेऊन बसले.

गुरुवारी गट्टूला ताप भरला. सकाळी मुलगी दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या गाडीने कामावर गेली, जाताना तिनेच ठकूला सोडलं, आणि आपली गाडी आजोबांसाठी घरी ठेवली. ती दाराबाहेर पडताच आजीने खुंटीवरची किल्ली काढून स्वेटरच्या खिशात टाकली. दुपारी काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. शेजारणीला विनवावं, नाहीतर टॅक्सी बोलवावी, असं काहीतरी मनात होतं.

पण दुपार व्हायच्या आधीच शाळेतून फोन आला. शाळेत पाणी नाही, मुलांना लवकर सोडतोय, घेऊन जा. शेजारणीच्या दाराला कुलूप. आजोबा चपला घालून खुंटीपाशी उभे.

"किल्ली कुठंय?"

आजी गट्टूला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. "टॅक्सी करून जा ना. रस्त्यावर गर्दी असेल आज."

"टॅक्सी येईस्तोवर पोरगी गेटवर एकटी उभी राहील. किल्ली दे."

त्यांना ठाऊक होतं किल्ली कुठे आहे. स्वेटरच्या खिशावर तिचा हात आपोआप गेला होता. एकीकडे गेटवर एकटी ठकू, रस्त्याच्या कडेला, ओळखीचं कोणी नाही. दुसरीकडे हा माणूस आणि त्याची ती बाजू. दोन्ही भयं तिला सारखीच मोठी दिसली, आणि त्यांत तिसरं, नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा अपमान. तिने किल्ली काढून दिली.

"सावकाश जा," ती म्हणाली. ते किल्ली घेऊन गेले.

गाडीचा आवाज वळणावर गेला आणि आजीचा जीव टांगणीला लागला. गट्टूच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, खिडकीशी जायचं, परत यायचं. शाळेपर्यंतचा रस्ता तिने डोळ्यांपुढे आणला. दवाखान्याचं वळण, मोठा चौक, मग शाळेची भिंत, जिथे मुलं गाड्यांच्या मधून धावत सुटतात. ती भिंत डाव्या हाताला होती. तिने आजोबांच्या मोबाइलवर फोन लावला. तो शेजारच्या खोलीत, कपाटावर वाजला. मुलीला लावला, कामाच्या वेळी तिचा फोन लॉकरमध्ये असतो, हे माहीत असून लावला. दूर कुठेतरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला आणि तिने गट्टूला उचलून घेतलं. गट्टू म्हणाला, "आजी, तू मला घट्ट धरतेस." तिने पकड सैल केली आणि जमिनीवरच बसली. त्या वेळी तिने स्वतःला शाप दिले. किल्ली नसल्याचं ढळढळीत खोटं बोलता आलं असतं. आरडाओरडा करता आला असता. पण जन्मभर नको तिथे 'सांभाळून' म्हणत आलेली बाई नेमकी आज दोन शब्द बोलून गप्प बसली होती.

यायची वेळ टळली. आणखी बराच वेळ गेला. मग रस्त्याच्या टोकाला ते दोघं दिसले. चालत येत होते. आजोबांच्या खांद्यावर गुलाबी दप्तर, त्यांचा डावा हात ठकूच्या हातात, आणि ती त्यांच्या अर्धं पाऊल पुढे. गाडी नव्हती.

आजीने दार उघडलं. ठकू आत आली, बूट काढले, जागेवर ठेवले आणि एक शब्दही न बोलता गट्टूशेजारी जाऊन आडवी झाली. त्या मुलीला आजीने इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

आजोबा खुर्चीत बसले. आजीने पाण्याचा ग्लास हातात दिला.

"गाडी शाळेच्या भिंतीशी उभी आहे," ते म्हणाले. "जावयाला आणायला सांग. मी चालवणार नाही."

"काय झालं?"

"एक मूल होतं. आपल्या गट्टूएवढं. आईच्या हातातून सुटून गाडीपुढे आलं. मी गाडी काढत होतो. ठकू मागून किंचाळली म्हणून ब्रेक मारला."

"लागलं त्याला?"

"नाही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "गाडीला हात टेकून उभं होतं. डाव्या कोपऱ्यावर. आणि अगं, ब्रेक मारल्यावरसुद्धा मला ते दिसत नव्हतं. मान पूर्ण वळवली तेव्हा दिसलं. हसत होतं."

आजी समोर खाली बसली.

"मला कळत होतं," आजोबा म्हणाले. "थंडी सुरू झाल्यापासून. खांब एकदम यायचे. माणसं एकदम यायची. म्हटलं, मान जरा जास्त फिरवली की भागतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

आयुष्यात क्वचितच चढला असेल इतका आजीचा आवाज चढला. "मी घाबरतच होते. रोज त्या मागच्या सीटवर बसून घाबरत होते. तुम्ही सांगितलं असतं तर निदान दोघं मिळून घाबरलो असतो." मग तिला रडू फुटलं, आणि आतून ठकूचंही ऐकू आलं. आजी उठून तिच्याकडे गेली. ठकू उशीत तोंड खुपसून म्हणत होती, "मी आधीच सांगायला हवं होतं ना? मला वाटलं गंमत आहे."

"ते मोठ्यांनी बघायचं असतं, बाळा," आजी म्हणाली. "आम्हाला दिसत होतं."

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा आजीने काही लपवलं नाही. किल्ली खिशात होती आणि मी दिली, हेही सांगितलं. मुलगी चपला न काढता दारातच उभी होती. ती तशीच आत गेली आणि दोन्ही मुलांना एकदम उचलून घेतलं, तापलेल्या गट्टूलाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजोबांना एका पांढऱ्या यंत्रात तोंड घालून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. आजी भिंतीशी बसून बटणाचा आवाज ऐकत होती. मधेमधे तो इतका वेळ यायचा नाही की तिला वाटायचं तपासणी संपली. मग डॉक्टरांनी कागद दाखवला. त्यावर डावीकडे काळं पसरलेलं, आणि उजवीकडेही कडेला सुरुवात. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांवर टिकवायची, जन्मभर. "फार उशिरा आलात," डॉक्टर म्हणाले, आणि मग सौम्यपणे, "अजून बरंच वाचलंय."

घराची घडी कशीबशी पुन्हा बसली. मुलीने सकाळचं काम मागून घेतलं, जावयाने पाळी बदलली. आजोबा दिवसातून दोनदा मान मागे टाकून बसतात आणि आजी थेंब घालते. पहिले काही दिवस ठकू त्यांच्या समोरूनच यायची, लांबूनच "आजोबा, मी येतेय" म्हणत. ते ऐकलं की आजोबा पेपर चेहऱ्यापुढे धरायचे आणि बराच वेळ पान उलटायचे नाहीत. आजीला ते गाडीला हात टेकून हसणारं मूल, जे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं, भांडी घासताना डोळ्यांपुढे येतं.

आता दुपारी ती आणि आजोबा ठकूला आणायला चालत जातात. गट्टू आजीच्या कडेवर असतो. मोठ्या चौकात आले की आजोबा फुटपाथच्या कडेला थांबतात. आयुष्यभर ज्याने कुणाला विचारून स्टिअरिंग फिरवलं नाही, तो माणूस तिचा हात धरून विचारतो, "आता?"

पहिल्यांदा त्यांनी असं विचारलं तेव्हा तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. तरी तो एक शब्द तिच्या तोंडून निघेना, कारण आता तिच्या शब्दावर दोन जीव रस्त्यात उतरणार होते. तिने पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "चला."