सोनाबाईंनी मोजलेले दहा दिवस

एप्रिल १९८२ चा शेवटचा रविवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. नाशकात गंगापूर रोडवरच्या कंपनीच्या बंगल्यासमोर दोन टॅक्सी उभ्या होत्या. बॅगा अकरा, त्यातल्या एकीचे कुलूप तुटले म्हणून ती सुतळीने बांधलेली. जाणारी माणसे चार : वर्नरसाहेब, त्यांच्या पत्नी इंग्रिडबाई, सहा वर्षांची कारिन आणि साडेतीन वर्षांचा पीटर. निरोप द्यायला मी, माझी पत्नी सुमन, बागेचे पाणी बघणारे माळीबाबा आणि सोनाबाई. मी अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. वर्नरसाहेब जर्मनीहून यंत्रे बसवायला आले होते आणि मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो. शेजारी राहत असल्याने बंगल्यातल्या सामानाची यादी ताडून किल्ल्या कंपनीला परत देण्याचे कामही माझ्याकडेच आले होते. त्या सकाळी मी सगळे मोजले. पडदे, पंखे, खुर्च्या, बॅगा, सगळे बरोबर भरले.

सोनाबाई त्या घरात मुलांना सांभाळायला होत्या. सिन्नरच्या पुढच्या एका खेड्यातल्या. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हते, भावाच्या आधाराने राहत होत्या. कुणाच्या तरी ओळखीने नाशकात आल्या आणि तीन वर्षे या घरात राहिल्या. पीटर आला तेव्हा सात महिन्यांचा होता. चालायला तो त्यांच्या बोटाला धरून शिकला आणि बोलायला त्यांच्या तोंडाकडे बघून.

त्यांची एक सवय मी पहिल्या आठवड्यातच पाहिली होती. संध्याकाळी मुलांना आंघोळ घालताना त्या दोघांचे अंग डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळायच्या. केसात बोटे घालून टाळू बघायच्या, कानामागे, काखेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात. मग ओल्या हातानेच स्वयंपाकघराच्या दारात येऊन इंग्रिडबाईंना सांगायच्या, "आज कारिनला गुडघ्याव एक नवं. पीटरला दोन, एक मुंगीचं, एक मातीत पडला त्याचं." इंग्रिडबाईंना मराठी जेमतेम कळायचे, पण बोटे वर केलेली कळायची. त्या हसून मान हलवायच्या. मी एकदा म्हणालो, "सोनाबाई, तुम्ही आमच्या तपासणी खात्यात पाहिजे होतात." त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं लोखंड रडत नाय. आनि पोर दुसऱ्याचं असलं म्हंजे डोळं चार लागत्यात."

पीटरची भाषा त्यांचीच होती. एकदा वर्नरसाहेबांनी मला आंघोळीच्या वेळी हाक मारली. पोरगे बादलीशेजारी उभे राहून ओरडत होते. साहेबांनी विचारले, हा काय म्हणतो? मी सांगितले, "साहेब, तो म्हणतोय पाणी लय गरम हाय आणि सोनाबाय येडी हाय." साहेब पोट धरून हसले. सोनाबाईंनी मात्र पीटरच्या पाठीवर हलकी चापट दिली. "येडी म्हनतो व्हय रं? जर्मनीत तुला असं गरम पानी कोन देनार हाय, तुझी आजी?"

जाण्याचा विषय निघाला की त्यांचे असे बोलणे सुरू व्हायचे. "इतक्या लांब पोरं नेत्यात. तिथं यांचं कोन हाय?"

"आजी आहे, काका आहेत," मी सांगायचो.

"आजीला यांची बोली येती का?"

"शिकतील मुले तिकडची भाषा."

"शिकतील. तवर रातच्याला पोरानं पानी मागितलं तं कुनाला कळंल?"



मुळात ते लोक दोन आठवडे आधीच जायचे होते. आधी सोनाबाईंनी अमावास्या काढली. अमावास्येला पोरं घराबाहेर काढू नयेत, म्हणाल्या. तारीख बघितली तर अमावास्या आदल्या आठवड्यातच होऊन गेली होती. मग जाण्याच्या दोन दिवस आधी त्या धावत आल्या की पीटरला गोवर उठला. पाठ, पोट, मान, सगळीकडे लाल पुरळ. इंग्रिडबाई पांढऱ्याफटक पडल्या. विमानाची तिकिटे पुढे ढकलली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हे घामोळे आहे, पावडर लावा. डॉक्टरकडून परत येताना सोनाबाई माझ्याच स्कूटरवर मागे बसल्या होत्या. उतरल्यावर मी विचारले, "तुम्हाला घामोळं आणि गोवर यातला फरक कळत नाही? तीन वर्षं अंग न्याहाळता तुम्ही."

त्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "कळतो."

साहेब फार संतापले होते. पुढे काय करायचे ते त्यांनी मला सांगितले आणि मी ते मराठीत सांगितले. सांगताना माझी स्वतःची भरही घातली. "सोनाबाई, आजपासून मुलांच्या तब्येतीबद्दल एक शब्द काढायचा नाही. काढलात तर त्याच दिवशी तुम्हाला सिन्नरच्या बसमध्ये बसवीन. मुलं जाणारच आहेत."

"बरं, भाऊ. नाय काढनार."

त्या संध्याकाळपासून त्या स्वयंपाकघराच्या दारात येईनाशा झाल्या. आंघोळ व्हायची, अंग न्याहाळणे व्हायचे, पण सांगणे बंद. घर शांत झाले, आणि ते मला बरे वाटले.

आता त्या रविवारकडे येतो. सामान टपावर चढले. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. सुमनने इंग्रिडबाईंच्या कपाळाला कुंकू लावले, सगळ्यांच्या हातावर दही घातले. कारिनने दही चाटून तोंड वाकडे केले. पीटर टॅक्सीत बसेना. आईने उचलून आत ठेवले तर दुसऱ्या दाराने बाहेर आला. "सोनाबाय, तू पन बस ना! जागा हाय!" सोनाबाई म्हणाल्या, "तू पुढं हो. मी मागून येती." ते ऐकून तो आत बसला. मला ते आवडले नाही, पण गाडी निघणे गरजेचे होते.

मग त्या एकदम वाकल्या आणि खिडकीतून हात घालून त्यांनी पीटरचा उजवा पाय धरला. पोटरीवर अंगठा ठेवून त्या इंग्रिडबाईंकडे बघत होत्या. "बाईसाहेब," त्या म्हणाल्या, "बाईसाहेब, ह्ये..." इंग्रिडबाई रडत होत्या. त्यांना वाटले, ही प्रेमाने पाय धरते आहे. त्यांनी सोनाबाईंचा हात हातात घेतला. मी घड्याळात बघितले. "सोनाबाई, पुरे. कसाऱ्याचा घाट ऊन व्हायच्या आत उतरायचा आहे त्यांना."

त्यांनी हात काढून घेतला. गाड्या गेल्या. पीटर मागच्या काचेतून हात हलवत नव्हता, नुसता बघत होता.

मी यादी घेऊन आत गेलो. माळीबाबांना म्हटले, घर झाडून घ्या, दुपारी किल्ल्या द्यायच्या आहेत. दारातून सोनाबाई ओरडल्या, "नगा झाडू! गेल्या पावली घर झाडत नसत्यात. मढं गेल्याव झाडत्यात." माळीबाबांनी झाडू खाली ठेवला. मी वैतागलो, पण म्हटले, राहू दे दुपारपर्यंत.

साडेबारा वाजता मी मागच्या अंगणात गेलो, तर सोनाबाई कुंपणापाशी हातात भाकरी घेऊन उभ्या. "तांबू, यू यू यू." तांबू म्हणजे गल्लीतले तांबडे कुत्रे. त्याला त्या रोज उष्टे घालायच्या. कोळशाच्या खोलीच्या दारापाशी दोराचे तुटके टोक पडले होते. चावून तोडलेले, लाळ सुकून कडक झालेले.

"हे काय आहे? कुत्रं बांधलं होतं इथं?"

"व्हय."

"कशाला?"

 त्या बोटाच्या पेरांवर अंगठा सरकवत म्हणाल्या, "आज सहावा दिस. अजून चार व्हते. धा दिस कुत्रं जगलं म्हंजे भ्या नसतंय. आमच्याकडं समदे मोजत्यात."

मी विचारले, कुणाला चावले? विचारताना मला उत्तर ठाऊक होते.

मंगळवारी तांबूने पीटरची पोटरी धरली होती. रक्त थेंबभर. सोनाबाईंनी साबणाने जखम धुतली, वरून हळद लावली आणि कुत्रे बांधून ठेवले. शुक्रवारपर्यंत ते भाकरी खात होते. शनिवारी खाल्ली नाही. रविवारी पहाटे दोर तोडून गेले.

"सोनाबाई! मंगळवारी का नाही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. आवाज चढवला नाही. "बोलले असते तं तुमी काय म्हनला असता, भाऊ? बाई पुन्यांदा खोटं बोलती. पोरं जाऊ नयेत म्हनून."

मी तेच म्हटले असते. याबद्दल मला आजही शंका नाही.

त्यांच्या डाव्या मनगटाला हळदीची चिंधी गुंडाळलेली होती. दोराचा काच लागला असेल, असे मला वाटले. मी स्कूटर काढली.

तार ऑफिसात कंपनीच्या मुंबईतल्या गेस्ट हाउसला लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा, लावला. दीड तास बाकावर बसून होतो. विमान रात्रीचे होते, तोवर ते तिथेच थांबणार होते. अडीच वाजता साहेब लाइनवर आले. मी इंग्रजीत तारीख, वार, जखमेची जागा, कुत्र्याची स्थिती असे क्रमाने सांगितले.  मग साहेबांनी विचारले, "हे खरं आहे, की तिचं आणखी एक?"

मी स्वतः काहीच पाहिले नव्हते, फक्त दोराचे टोक. कारखान्यात मी न मोजलेल्या वस्तूवर कधी सही केली नाही. त्या दिवशी म्हणालो, "खरं आहे. मी जबाबदारी घेतो. त्याच्या उजव्या पोटरीवर बघा."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. दोन-तीन मिनिटांनी ते परत आले. त्यांचा आवाज बदलला होता. पोटरीवर दोन ठिपके होते. ते म्हणाले, उद्या सकाळी आम्ही उतरतो, विमानतळावरून थेट इस्पितळात जाऊ, आमच्याकडे नवी लस आहे, ती दंडात देतात. मग म्हणाले, "कुत्र्याचं काय होतं ते मला कळव."

पुढचे दोन दिवस आम्ही दोघे तांबूला शोधत होतो. मी कामावरून आल्यावर, सोनाबाई दिवसभर. मंगळवारी त्या दारात आल्या. "कॅनॉलच्या मोरीत हाय. चला." कुत्रे मेले होते. तोंडाला माती आणि सुकलेला फेस. सोनाबाई खाली बसल्या. "आठवा दिस," त्या म्हणाल्या. मी जर्मनीला तार केली. तीन शब्द पुरले.

सोनाबाईंचे काम संपले होते. बुधवारी मी त्यांना सिन्नरच्या बसमध्ये बसवून दिले. बसच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, "पोराचं कळलं की मला सांगा बरं का, भाऊ. इसरू नगा."

मी विसरलो नाही. जूनच्या शेवटी इंग्रिडबाईंचे पत्र आले. पीटरने सगळी इंजेक्शने घेतली होती, आता दिवस उलटले होते, धोका टळला असे डॉक्टरांनी सांगितले होते. सोनाबाई त्या दिवशी बोलल्या नसत्या तर आम्ही मुलासाठी काहीच केले नसते, असे बाईंनी लिहिले होते. पत्र सोनाबाईंना वाचून दाखवा, अशी विनंती होती. पुढच्या रविवारी मी पत्राचे मराठी करून दोन कागदांवर लिहिले आणि स्कूटरने निघालो. त्यांना किती आनंद होईल याचा विचार करत गेलो.

त्यांच्या भावाचे घर गावाच्या टोकाला होते. भाऊ ओट्यावर बसला होता. डोक्याचे केस काढलेले. मी स्कूटर उभी केली आणि तिथेच थांबलो.

"आक्का गेली," तो म्हणाला. "बारा दिस झालं. पानी समोर आनलं की अंग तडतडायचं. वाऱ्याची झुळूक सोसत नव्हती. डाक्टर म्हनले, आता हितं काय नाय व्हनार. मंग डाव्या मनगटाव दाताची खूण दाखवली तिनं. म्हनली, शनवारी कुत्र्याला भाकर चारताना धरलं."

त्याच्या बायकोने मला बसायला घोंगडी टाकली. मी उभाच होतो. भावाने हातातल्या कागदांकडे पाहिले. "कसलं पत्र हाय?"

मी वाचून दाखवले. पहिल्या कागदावर माझा आवाज नीट चालला. दुसऱ्यावर मी दोनदा थांबलो. घरातल्या बायका दाराआड येऊन ऐकत होत्या.

"म्हंजे पोरगं बरं हाय?"

"बरं आहे."

"आक्कानं लय येळा इचारलं. शेवटच्या दिशीबी." त्याने कागद माझ्या हातातून घेतले, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवले. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, तुमी एवढा फोन केला, तारा केल्या, कुत्रं धुंडलं. तिलाबी धरलंय का, ह्ये तुमी इचारलं व्हतं का तिला?"

"नाही," मी म्हणालो.