पावलांनी मोजलेलं कबरस्तान

कुमार गायकवाडांनी वाडीतल्या चर्चची घंटा बेचाळीस वर्षं वाजवली. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं ती ऐकून येणारं माणूस एकच होतं, त्यांची बायको रत्नाबाई. तरी पहिली घंटा, दुसरी घंटा आणि उपासनेची घंटा अशा तिन्ही वाजायच्या. बायको शेजारीच पदर सारखा करत उभी असायची, पण रीत ती रीत. आजूबाजूच्या रानातल्या बायका दुसऱ्या घंटेला भाकरी सोडायच्या, म्हणजे अगदीच वाया जात नव्हती म्हणायची.

भोंगवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या मधोमध हे मेथडिस्ट चर्च उभं आहे. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं. कुमारच्या आजोबांच्या वेळी मिशनच्या मडमेनं इथं आधी शाळा काढली आणि मग शाळेच्या अंगणात हे देऊळ बांधलं. तेव्हा वाडीत बावीस घरं ख्रिस्ती होती. शाळेनं पोरं शिकवली, शिकलेली पोरं मास्तर झाली, नर्स झाली, कंपाउंडर झाली आणि एकेक करून पुण्याला गेली. चर्चनं आपल्याच हातानं आपली माणसं शहाणी केली आणि रिकामं होऊन बसलं. याबद्दल कुणाला बोल लावायचा? पाळकसाहेब महिन्यातून एकदा पुण्याहून येत, तिघांना पुरेल एवढं प्रभुभोजन देत आणि दुपारच्या एसटीनं परत जात.

पण जिवंत माणसं गेली तरी मेलेली सगळी इथंच होती. देवळाच्या मागच्या दारापासून ओढ्यापर्यंत कबरस्तान. वर्षातून एकदा, ईस्टरच्या पहाटे, पुण्याहून गाड्या येत. नातवंडं-पतवंडं मेणबत्त्या घेऊन उतरत आणि विचारत, "कुमारमामा, आमचे आजोबा कुठं?" कुमार बोट दाखवायचे. कुणाचा आजा, कुणाची आत्या, सगळं तोंडपाठ. या एका पहाटेसाठी ते वर्षभर ताठ चालत. पाळकांच्या वहीत कोण कधी गेलं ते होतं. कोण कुठं आहे ते फक्त कुमारच्या पायांत होतं.

पायांतच. कारण हे कबरस्तान त्यांच्या आजोबांपासून पावलांनी मोजलेलं होतं. मागच्या दाराच्या उंबऱ्याला टाच लावायची, ओढ्याकडे तोंड करायचं आणि मोजत निघायचं. अकरा पावलं सरळ आणि दोन डावीकडं, की अमुक. सोळा सरळ, की तमुक. आजोबांनी बापाला चालवून दाखवलं, बापानं कुमारला. नकाशा काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. घरातला माणूस असताना कागद कशाला?

नऊ वर्षांपूर्वी चर्चची कौलं शाकारताना कुमार खाली पडले आणि उजवा पाय मांडीत मोडला. भोरला ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण चाल लंगडी झाली. त्याला दोन वर्षं होतात न होतात तोच ओढ्याला असा पूर आला, की कबरस्तानातले नावांचे दगड आणि लाकडी क्रूस सगळे वाहून बंधाऱ्याला जाऊन अडकले. मातीचे उंचवटे सपाट झाले. कुमारनी शेजारच्या कोंडिबाची बैलगाडी मागून दगड परत आणले, ऑइलपेंटनं नावं पुन्हा लिहिली आणि उंबऱ्याला टाच लावून, एकेक पाऊल मोजत, दगड जागच्या जागी बसवले. पुण्याच्या लोकांनी ईस्टरला त्यांना शाल दिली. कुमारना ती शाल फार आवडायची.

त्या दगडांतला एक लहानसा होता. त्यावर लिहिलं होतं, "प्रेरणा". ही कुमार आणि रत्नाबाईंची मुलगी, अकरा दिवसांची होऊन गेलेली. अडतीस वर्षांपूर्वी. पुढं मूल झालं नाही. रत्नाबाई दर ईस्टरला त्या दगडाशी बसायच्या, फुलं ठेवायच्या आणि लेकीशी बोलायच्या. यंदा तुझं लग्नाचं वय सरलं बघ, यंदा तुझी पोरं शाळेत असती बघ, असं. कुमार तेवढा वेळ लांब उभे राहत.

यंदा जानेवारीत नूतनचा फोन आला. नूतनचे वडील इंद्रजित एसटीत कंडक्टर होते. ऐन तिशीत काविळीनं गेले, प्रेरणा गेली त्याच महिन्यात. त्यांच्या बायकोनं एकटीनं पुण्यात धुणीभांडी करून नूतनला वाढवलं, शिकवलं. ती बाई आता गेली होती. "मामा, आईचं एकच मागणं होतं," नूतन फोनवर म्हणाली. "वडिलांच्याच कबरेत ठेवा म्हणायची. जन्मभर तेवढंच मागितलं तिनं." कुमार म्हणाले, "तू निवांत ये पोरी. जागा माझ्या ध्यानात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतनच्या आईची पेटी देवळात ठेवली होती. पुण्याहून पंधरा-वीस माणसं आली होती आणि अमृत पाळक गीत सांगत होते. मागे कुमार आणि कोंडिबा इंद्रजितचा दगड बाजूला करून खणत होते. कोंडिबा माळकरी माणूस, पण गेली तीस वर्षं या कबरस्तानातला खड्डा त्याच्याशिवाय झाला नाही. कंबरेएवढं खाली गेल्यावर त्याची कुदळ थांबली. तो वाकला, हातानं माती सारली आणि म्हणाला, "कुमार, हितं पेटी हाय. ल्हान लेकराची दिसती."

कुमार खड्ड्यात उतरले. हाडं म्हणावीत असं काही उरलं नव्हतं. हातभर लांबीची, काळी पडलेली सागवानी फळी होती आणि तिला दोन पितळी बिजागऱ्या. त्या बिजागऱ्या कुमारनी ओळखल्या. त्या दिवशी नसरापूरची दुकानं बंद होती म्हणून त्यांनीच देवळातल्या गीतांच्या पुस्तकांच्या कपाटाच्या काढून लावल्या होत्या. ही त्यांची प्रेरणा होती.

मग तिकडं, आणखी अलीकडं, जिथं तिचा दगड आहे, तिथं कोण? कुमारनी खड्ड्यातूनच मागच्या दाराकडं पाहिलं आणि पावलं मनात पुन्हा मोजली. लंगड्या पायाचं पाऊल आखूड झालं होतं. मोजणी बरोबर होती, पाऊल खोटं होतं. सगळे दगड एकेक कबर अलीकडं सरकले होते. प्रेरणाच्या दगडाखाली सोमनाथ मास्तर झोपले होते, मिशनच्या शाळेतले, ज्यांनी कुमारला छडीनं सोलून काढलं होतं. सात वर्षं रत्नाबाई त्यांना फुलं वाहत होत्या, त्यांना लग्नाचं विचारत होत्या. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर कुमार पोट धरून हसले असते.

"माती लोटू का?" कोंडिबा हळूच म्हणाला. "कुणाला काय कळतंय? बाजूला खणू नि ठेवू म्हातारीला."

खरंच कळलं नसतं. शाल राहिली असती, बोट राहिलं असतं. ईस्टरला पोरांनी विचारलं असतं आणि कुमारनी दाखवलं असतं. आणि एक बाई, जिनं जन्मभर एकच मागितलं, ती परक्याच्या शेजारी झोपली असती. खोटं सांगावं असं त्यांना फार वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मग ते वर आले, मातीच्या हातांनीच देवळात शिरले आणि गीत चालू असतानाच पुढं जाऊन उभे राहिले. पाळक थांबले.

"म्या चुकलो," कुमार म्हणाले. "दगड समदे चुकीचे बसलेत. माझा पाय आखूड झाला, त्ये माझ्या ध्यानात आलं न्हाई. सात वर्सं म्या तुमाला दुसऱ्याचंच आई-बाप दावत आलो."

मागच्या बाकावरचा एक पुरुष उठून बाहेर गेला. त्यानं गेल्याच वर्षी आजोबांच्या दगडापाशी संगमरवर बसवला होता. नूतन पुढं आली. तिचा चेहरा रडून सुजला होता. "मग माझे वडील कुठं आहेत, मामा?"

"एक कबर पल्याड. आता चुकायचो न्हाई. पण तुला माझ्यावर भरवसा ठेवावा लागंल, नि त्यो मागायचं तोंड मला न्हाई."

नूतननं त्यांच्या मातीच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "खणा. मी उभी राहते."

पलीकडं खणलं. छातीएवढ्या खोलीवर एसटीच्या पट्ट्याचं बक्कल निघालं. नूतननं ते ओढणीत पुसलं, कपाळाला लावलं आणि परत वडिलांपाशी ठेवलं. दुपारी तिच्या आईला त्यांच्याजवळ ठेवलं. पाळकांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली आणि माणसं गाड्यांत बसली. जाताना कुमारना कुणी नमस्कार केला, कुणी केला नाही. ईस्टरला येतो असं कुणीच म्हणालं नाही.

लहान खड्डा अजून उघडाच होता. रत्नाबाई सकाळपासून देवळातल्या बाकावरून हलल्या नव्हत्या. आता त्या आल्या आणि काठावर उभ्या राहिल्या. कुमार त्यांच्याकडं बघू शकेनात. "तुला काय तोंड दाखवू?" एवढंच ते म्हणाले.

रत्नाबाई खाली फळीकडं बघत होत्या. "एवढीशीच व्हती का पेटी?" त्यांनी विचारलं.

"एवढीच."

"मला वाटायचं, मोठी असंल."

त्यांनी पेटी कधी पाहिलीच नव्हती. प्रेरणा गेली तेव्हा त्या भोरच्या दवाखान्यात होत्या, पोटाचे टाके ओले. कुमार एकटेच लेकीला घेऊन आले होते आणि एकट्यानंच पुरून परत दवाखान्यात गेले होते. त्या दिवसानंतर या गोष्टीवर नवराबायको एक शब्द बोलले नव्हते.

कोंडिबानं फावडं उचललं, तशा रत्नाबाईंनी हात आडवा धरला. त्या कण्हत कण्हत खाली बसल्या. उपसलेल्या ढिगातली ढेकळं त्यांनी बोटांनी फोडली, त्यातले खडे वेचून बाजूला टाकले आणि नुसती मऊ माती मुठीत घेतली. हात खड्ड्यात जाईल तेवढा खाली नेला, आणि मग मूठ सोडली.