घाईचं मेण

मेणाला घाई खपत नाही, हे जळगावच्या एमआयडीसीत जीवरामइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि घाई केली ती जीवरामनेच. नवखा माणूस चुकला तर त्याला दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं. जाणता चुकला की त्याला शिव्या कोण देणार? मग तो स्वतःच स्वतःला देत बसतो.

जीवराम मूळचा धुळ्याजवळच्या खेड्यातला. मिसरूड फुटलं तसा जळगावला आला, मेहरूणमध्ये दोन खोल्या घेतल्या आणि मेणाच्या कारखान्यात चिकटला तो आजपर्यंत. तिथे तेल शुद्ध करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून पिंपातून कच्चं मेण येतं. दिसायला तपकिरी, हाताला चिकट, वासाला रॉकेलचा सख्खा भाऊ. त्यात मेणाइतकंच आडमुठं तेल मुरलेलं असतं. ते मेण पसरट ट्रेमध्ये ओतून आधी थंड करायचं, घट्ट झालं की खोलीत वाफेच्या नळ्यांनी अगदी हळूहळू ऊब द्यायची. मग मेणाला घाम फुटतो. तेल थेंबाथेंबाने खालच्या जाळीतून गळतं आणि वर कोरडं मेण उरतं. कारखान्यात या कामाला सगळे स्वेटिंग म्हणतात. स्वेटिंग झालं की मेण पुन्हा वितळवायचं, त्यात रंग शोषणारी माती कालवायची, कापडातून दाबून गाळायचं. मग पांढऱ्याशुभ्र लाद्या.

या सगळ्यात स्वेटिंग म्हणजे सबुरीचं काम. वाफेच्या नळीचा कॉक केसभर जास्त उघडला तर मेणाला घाम फुटण्याऐवजी ते सगळंच ढासळतं आणि तेल आत कोंडून राहतं. जीवराम त्या कॉकवर बोटं ठेवून तासन्‌तास बसायचा. त्याची बायको कोकिळा म्हणायची, "मेणले जितकं जपतस, तितकं माले जपं व्हतं तं मी बी गोरी व्हई जातू." तो हसायचा. या कामाचा त्याला गर्व होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही.

माती कालवायच्या कढईवर सुपडू होता. सुपडू म्हणजे जीवरामचा धाकटा चुलतभाऊ. त्याला कारखान्यात आणला जीवरामनेच, शिकवलाही त्यानेच. सुपडू बोलायला कमी, पण माती टाकण्यात भारी चोखंदळ. गरम मेणाचा रंग कसा उतरतोय ते बघत मूठमूठ माती सोडायचा. जीवरामला सगळे नाना म्हणत, म्हणून सुपडूही नानाच म्हणायचा. पण त्याच्या नाना म्हणण्यात बाप म्हटल्याचा सूर असायचा.

गेल्या श्रावणात घराण्याची देवी कानबाई आली. खान्देशातला माणूस सुरतेला असो की नाशकाला, कानबाईच्या रोटाला घरी पोचतोच. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू काढतात, त्याचा रोट होतो, आणि तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याच्या ताटात पडू द्यायचा नाही. जीवराम आता घराण्यात वडीलधारा. तो नसला तर पूजेला कोण बसणार? पूजा रविवारची, आणि नेमका शनिवारी सकाळी बॉयलर बंद पडला. दुरुस्त होऊन वाफ आली तोवर दुपार झाली. धीराने करायचं तर मेण रविवार खाणार हे उघड होतं.

सुपडू म्हणाला, "नाना, तू जाय. आठे मी सांभाळस. मना वाटाना रोट तेवढा लई ये."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण स्वेटिंग दुसऱ्याच्या हाती सोडणं जीवरामच्या रक्तात नव्हतं. गर्वाचं घर खाली म्हणतात ते असं. त्याने ट्रे सुपडूवर सोडले नाहीत, कॉक उघडला. नेहमीपेक्षा बराच उघडला. तेल भराभर गळू लागलं, मग ट्रेमधल्या मेणाच्या कडा खचल्या, ते मऊ पडलं. त्याला दिसलं. सगळं पुन्हा थंड करून नव्याने सुरू करणं एवढाच उपाय होता, आणि तेवढा वेळच त्याच्याकडे नव्हता. त्याने वाफ बंद केली आणि सांगितलं, "झायं. वितळाव आते."

सुपडूने एक तुकडा उचलून चिमटीत दाबला. "नाना, हाई तं ओलंच लागस."

"तुनाच हातले तेल शे. हात पुस."

सुपडूने खरंच हात पुसले. नानांचा शब्द म्हणजे शब्द. जीवराम धुळ्याची बस धरून गेला, पूजेला बसला, गाणी ऐकली, पोटभर जेवला. येताना सुपडूच्या वाट्याचा रोटही आठवणीने आणला.

सुपडूने मातीने रंग काढला, लाद्या पांढऱ्या निघाल्या. पण माती रंग खाते, कोंडलेलं तेल खात नाही. माल धुळ्याच्या एका मेणबत्तीवाल्याकडे गेला, आणि काही आठवड्यांनी ट्रक तसाच परत आला. लाद्या पिवळ्या पडल्या होत्या, गोण्यांना तेल सुटलं होतं. मेणबत्त्या उभ्या राहात नव्हत्या आणि पेटवल्या की काजळी धरत होत्या. मालक रतिलाल शेठ यांनी दोघांना बोलावलं. पिवळी लादी टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "माती कोणी टाकली?"

"मी, शेठ," सुपडू म्हणाला आणि त्याने जीवरामकडे पाहिलं.

जीवराम फरशीकडे बघत राहिला. आता बोलतो, आता बोलतो, असं त्याच्या मनात चाललं होतं, आणि तोंडाने मूग गिळले होते. शेठ म्हणाले, माती कमी पडली, रंग परत आला. सुपडूने तोंड उघडलं नाही. संध्याकाळी त्याला कामावरून काढल्याचं कळलं.

सुपडू बायको-पोरीला घेऊन गावी गेला आणि आग्रा रोडवरच्या पेट्रोल पंपावर लागला. मधल्या काळात जीवराम गावी गेला नाही. बहाण्यांना काय तोटा? पाठ दुखते, सुटी नाही, कोकिळाला बरं नाही. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. कढईवर नवा माणूस आला, त्यानेही नाना म्हणून हाक मारली, तर जीवरामला ते शिवीसारखं लागलं. स्वेटिंगच्या खोलीत बसल्या बसल्या त्याचा हात कॉकवरून आपोआप निघायचा. आपण इतके नीच निघू असं त्याला स्वतःबद्दल कधी वाटलं नव्हतं.

माघात सुपडूचा फोन आला. त्याच्या पोरीला, सारिकाला, बघायला धुळ्याचे पाहुणे येणार होते. "नाना, तू नही तं बोलणी कोण करई?"

याला बहाणा नव्हता. जीवराम गेला. मुलाचे वडील भिकन आबा मोकळ्या स्वभावाचे. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत पडल्याचं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग भिकन आबा जरा चाचरत म्हणाले, "एक ईचारस, राग नका मानज्यात. सुपडूभाऊनी कंपनी काब्र सुटनी? आम्हना एक पाव्हना एमआयडीसीमा शे. तो सांगे, माल खराब करा म्हनीसन काढी टाकं."

आतल्या दाराशी सारिका उभी होती, तिने मान खाली घातली.

सुपडू शांतपणे म्हणाला, "चूक दुसरानी व्हती, आबा. तो माणूस आते तठे नही."

जीवरामच्या अंगाला दरदरून घाम फुटला. म्हणजे याला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि आपल्यासमोर बसून हा आपल्यासाठी खोटं बोलतोय, तेही पोरीचं लग्न पणाला लावून. त्याच्या तोंडून शब्द निघाले ते त्याने ठरवून काढलेले नव्हते.

"तो माणूस तठेच शे, आबा. आठे बी शे. मी शे तो. मेण मी बिघाडं, आनी सुपडूनी नोकरी जाऊ दिधी."

मग भिकन आबांनी उठून त्याचा हात धरला. "वा नाना! चारचौघासमा आपली चूक कबूल कराले छाती लागस." लग्न ठरलं. वडीलधारा म्हणून मानाचा टोपी-टॉवेल आधी जीवरामला मिळाला, आणि टोपी घातली ती सुपडूच्या हातांनी. सगळे नानांच्या खरेपणाचं कौतुक करत होते. सुपडूचं कुणी केलं नाही. ती टोपी डोक्यावर घेऊन बसताना जीवरामला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

पाहुणे गेल्यावर तो पाणी प्यायला आत गेला. सुपडूची बायको प्रमिलाबाई चुलीपाशी होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर तिने कधी ढळू दिला नव्हता, वर तोंड करून ती कधी बोललीही नव्हती. आज बोलली.

"पाव्हनासले सांगं ते बरं झायं, नाना. शेठले कधी सांगशात?"

"सोमवारे सांगस."

"इतला सोमवार गयात."

जीवरामने तिथेच खिशातून फोन काढला. बॉयलरच्या आवाजाने त्याचे कान गेलेले, त्यामुळे तो फोन नेहमी स्पीकरवरच लावायचा. शेठांनी उचलला. जीवरामने एका दमात सगळं सांगितलं: बॉयलर, कॉक, कानबाई, सुपडूने दिलेली सूचना, आणि शेवटी, "शेठ, मला काढा, पण त्याला परत घ्या."

पलीकडे शेठ थोडं हसले. "अरे जीवराम, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. लादीला बोट लावलं की कळतं ना, तेल राहिलंय. पण पार्टीला दाखवायला कोणाला तरी काढावं लागतं. स्वेटिंगला तुझ्यासारखा माणूस मी कुठून आणू? माती टाकायला काय, कोणीही मिळतो. सोड ते. उद्या वेळेवर ये."

फोन बंद झाला. जीवरामने मागे पाहिलं तर दारात सुपडू उभा होता, पाहुण्यांच्या उष्ट्या बशा हातात घेऊन. नानांनी आपल्याला फसवलं हे त्याने पचवलं होतं. पण आपण कामाचे होतो, आपली माती चोख होती, एवढं त्याने गावी येताना सोबत आणलं होतं, आणि पंपावर उभा राहून तो त्यावरच दिवस काढत होता.

"नाना," तो म्हणाला, "माती टाकाले कोणी बी मिळस का?"

सुपडूने बशा मोरीत ठेवल्या आणि नळ सोडून तो त्या एकेक धुवायला बसला.